कडू मधाच्या डोंगरात

चेस्टनटच्या फुलांचा मध कडू असतो. जिभेला आधी गोडच लागतो, मग घशाशी जाता जाता कडवटपणा उमटतो आणि बराच वेळ तिथेच रेंगाळतो. रंग गडद तपकिरी, उन्हात धरला तर तांबूस. वास इतका उग्र, की बरणी उघडल्यावर कुणीतरी हमखास विचारतं, "हा खराब तर झाला नाही ना?" दक्षिण फ्रान्समधल्या तुलूज शहरातल्या आमच्या घरी येणाऱ्या मराठी पाहुण्यांपैकी फार थोड्यांना तो आवडतो. मला तो पहिल्या चमच्यापासून आपला वाटला. माझं आजोळ जावळीच्या खोऱ्यातलं. जांभळाच्या मधाला कडवट झाक असते हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. मामा सातेरी या आपल्या देशी मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. त्याच्याकडे मध घ्यायला आलेल्या कुणी "गोड आहे ना?" असं विचारलं, की तो म्हणायचा, "गोड साखर असते. हा जांभळाचा आहे."

तर या कडवटपणाच्या मागावर मी सेवेनच्या डोंगरांत जायला लागले. इथल्या चेस्टनटच्या मधाला लोक कौतुकाने रानातला मध म्हणतात. मधपाळांच्या दारात बसून, त्यांच्याबरोबर उतार चढून-उतरून माझी खात्री झाली, की हा मध रानाने दिलेला नाही. त्या डोंगरात माणसं शेकडो वर्षं तग धरून राहिली, म्हणून तो आज बरणीत आहे.

सेवेन म्हणजे मध्य फ्रान्सच्या जुन्या पठाराची आग्नेयेकडची कड. उत्तरेला मों लोझेर, १,६९९ मीटर उंच, ग्रॅनाइटचा. त्याच्या दक्षिणेला शिस्ट नावाच्या काळसर, पापुद्र्यापापुद्र्याने सुटणाऱ्या दगडाच्या डोंगररांगा, मध्ये अरुंद दऱ्या. शरद ऋतूत भूमध्य समुद्रावरून आलेले ढग या कडेला अडतात आणि काही तासांत असा पाऊस कोसळतो, की सह्याद्रीत वाढलेल्या माणसालाही छत्री मिटून आडोसा शोधावा लागतो. १९७० साली इथे राष्ट्रीय उद्यान झालं. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये ज्याच्या गाभ्यातही बऱ्यापैकी कायमची वस्ती आहे, असं हे एकच. २०११ मध्ये युनेस्कोने हा मुलूख आणि शेजारची चुनखडीची पठारं जागतिक वारसा म्हणून घोषित केली. ती घोषणा नुसत्या निसर्गसौंदर्यासाठी नव्हती. शेती आणि मेंढपाळीने घडवलेला प्रदेश म्हणून ती झाली, आणि मला ते फार योग्य वाटतं.

कारण या उतारांवर गहू नीट पिकत नसे. मग लोकांनी मध्ययुगापासून चेस्टनट लावला. नुसता लावला नाही, चांगल्या वाणांची कलमं बांधली, दगडांच्या ताली रचून उतारावर टप्पे पाडले, पाट खणून पाणी फिरवलं. चेस्टनटला इथे भाकरीचं झाड म्हणत, कारण गरिबाचं पोट त्याच्यावरच चाले. डोंगरात अजूनही जागोजागी क्लेद दिसतात. क्लेद म्हणजे दगडाची दुमजली खोपी. खाली ज्वाळा न उठणारा, नुसता धुमसणारा जाळ, वर लाकडी पट्ट्यांच्या माळ्यावर पसरलेले चेस्टनट. तीन-चार आठवडे धूर खाऊन फळ टणक होतं, साल सुटते आणि मग वर्षभर त्याचं पीठ करता येतं किंवा बाजाना नावाची दाट पेज शिजवता येते. मी ती पेज खाल्ली आहे. धुराचा वास, किंचित गोडवा आणि पहिल्या वाडग्यातच पोट भरल्याची जाणीव. डिसेंबरच्या थंडीत, दिवसभर ताली रचणाऱ्या माणसासाठी केलेलं ते अन्न आहे.

भाकरीला चेस्टनट आणि रोख पैशाला रेशीम, असा इथला संसार होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात रेशीमकिड्यांवर पेब्रीन नावाचा रोग पडला. त्यावर उपाय शोधायला लुई पाश्चर १८६५ पासून काही हंगाम आलेस शहराजवळ येऊन राहिले. निरोगी अंडी निवडण्याची रीत त्यांनी घालून दिली, तरी रेशमाची जुनी भरभराट परतली नाही. पुढे चेस्टनटची मुळं कुजवणारा रोग आला, आलेसच्या कोळसाखाणींनी तरुण हात ओढून नेले, पहिल्या महायुद्धाने उरलेले नेले. प्रत्येक खेड्याच्या चौकात त्या युद्धात पडलेल्यांची नावं कोरलेला दगड आहे. घरं मूठभर आणि नावांची यादी लांबच लांब, असे दगड मी तिथे उभी राहून वाचले आहेत.

चेस्टनटची बाग सोडून दिली की काय होतं, हे एका मधपाळांनी मला चालता चालता दाखवलं. पायवाटेच्या एका बाजूला राखलेली बाग होती. झाडं अंतरावर, खाली मेंढ्यांनी चरून आखूड केलेलं गवत, फांद्यांपर्यंत ऊन. दुसऱ्या बाजूला सोडून दिलेली. पाइन आणि ओक मध्ये घुसलेले, काटेरी झुडपं माजलेली, आणि त्यांच्या सावलीत जुने चेस्टनट शेंड्याकडून वाळत चाललेले. चेस्टनटला ऊन लागतं. माणूस गेला की सावली येते, सावली आली की फुलोरा कमी होतो. "माझ्या माश्या माझ्या पणजोबांच्या झाडांवर जातात," ते म्हणाले. त्यांना ते बोलायला काही विशेष वाटलं नाही. मी मात्र पुढची चढण बोलले नाही.

त्यांच्याच मालकीच्या उतारावर जुन्या पद्धतीची पोळी आहेत, आणि ती बघायला मिळाली हे मी माझं भाग्य समजते. पोखरलेले चेस्टनटचे ओंडके, उभे ठेवलेले, कमरेच्या उंचीचे. माथ्यावर शिस्टची सपाट फरशी आणि ती वाऱ्याने हलू नये म्हणून वर एक धोंडा. तळाशी बारीक फटी. फटींच्या कडा माश्यांच्या येण्याजाण्याने गुळगुळीत आणि काळपट झालेल्या. मधपाळांनी स्मोकरमध्ये वाळलेली पाइनची पानं पेटवली, एक-दोन हबके दिले आणि पहारीच्या टोकाने फरशी एका बाजूने उचलली. झाडांच्या राळेपासून माश्या जो चिकटा बनवतात, त्याने फरशी ओंडक्याला घट्ट धरलेली होती. ती चरचरत सुटली. आत पोळ्यांचे पडदे एकमेकांना समांतर, दोन पडद्यांमध्ये माशीला वळता येईल एवढीच वाट. आणि ओंडक्याच्या मध्यावर आरपार खोचलेल्या दोन काठ्या, एकमेकींना छेदणाऱ्या, पोळ्यांना आधार देणाऱ्या. मध काढायचा तो वरून, त्या काठ्यांच्या चौफुलीपर्यंत. तिच्याखालचा माश्यांचा.

"वर्ष वाईट गेलं तर?" मी विचारलं.

"तर फरशी उचलायचीच नाही."

या ओंडक्यांवर त्यांचं घर चालत नाही, हेही त्यांनी लगेच सांगितलं. घर चालतं ते लाकडी पेट्यांवर. फ्रान्समध्ये सर्वांत जास्त दिसते ती दादां पेटी. शार्ल दादां हा शाम्पेन भागाच्या कडेला जन्मलेला माणूस १८६३ मध्ये अमेरिकेत इलिनॉयला गेला, तिथे चौकटींची मोठी पेटी त्याने रूढ केली, आणि ती पेटी परत समुद्र ओलांडून त्याच्या मायदेशात सर्वदूर पसरली. खाली पिलाव्याची, म्हणजे अंडी-अळ्यांची, मोठी कोठी, वर निम्म्या उंचीच्या मधकोठ्या. मामाकडच्या पेट्यांपेक्षा या बऱ्याच मोठ्या, कारण युरोपीय माशी सातेरीपेक्षा मोठी आणि तिची वसाहतही मोठी.

मधपाळाचं वर्ष फुलांच्या मागे धावण्यात जातं. हिवाळ्यात पेट्या खाली, उबदार भागात. वसंतात पांढऱ्या हेदर या डोंगरी झुडपावर. जूनच्या मध्यापासून जुलैपर्यंत चेस्टनटवर. तो सरला की कुणी प्रोव्हान्सच्या बाजूला लव्हेंडरकडे उतरतं, कुणी मों लोझेरच्या माथ्यावरच्या जांभळ्या हेदरकडे चढतं. पेट्या हलवायच्या त्या रात्री, माश्या घरी परतल्यावर. दारं बंद करून, पट्टे आवळून, उजाडायच्या आत नव्या जागी पोहोचवायच्या. जुलैत फुललेल्या लव्हेंडरचे फोटो जगभर जातात. त्या शेतांच्या कडेला पहाटे पेट्या उतरवणाऱ्या माणसांच्या कंबरांची चौकशी कुणी करत नाही. मी ज्या ज्या मधपाळांना भेटले, त्यांपैकी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने बोलता बोलता कंबरेला हात लावला.

मधघरात मात्र मन लावून बघत बसावं असं काम असतं. माश्यांनी मेणाने बंद केलेले कप्पे लांब पात्याच्या सुरीने अलगद उघडायचे, चौकटी मधयंत्रात उभ्या करायच्या, फिरवायचं. मध भांड्याच्या भिंतीवर आदळतो आणि जाडसर धारेने खाली येतो. एक थेंब काचेच्या छोट्या दुर्बिणीसारख्या उपकरणावर ठेवून त्यातलं पाणी मोजतात. युरोपीय नियमाने बहुतेक मधांत २० टक्क्यांपर्यंत चालतं, पण हे मधपाळ १८च्या वर गेलं की अस्वस्थ होतात, कारण मग आंबण्याची भीती. लव्हेंडरचा मध काही महिन्यांत रवाळ, पांढरट होतो. चेस्टनटचा दीर्घकाळ पातळ राहतो, त्यात फ्रुक्टोजचं प्रमाण जास्त असतं म्हणून. बाजारात गिऱ्हाईक रवाळ मधाकडे संशयाने बघतं. हे तर महाबळेश्वरलाही मी लहानपणापासून ऐकत आले आहे: "थिजलाय म्हणजे साखर घातलीय." मध थिजणं हा त्याचा धर्म आहे, हे सांगून सांगून दोन्ही डोंगरांतली माणसं थकली आहेत.

आणि खरी भेसळ तर न थिजणाऱ्या, स्वच्छ, एकसारख्या दिसणाऱ्या बाटलीत बसलेली असू शकते. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये एक तपासणी जाहीर केली. बाहेरून आयात झालेल्या मधाचे ३२० नमुने घेतले होते, त्यांतले ४६ टक्के भेसळीचा संशय घ्यावा असे निघाले. बहुतेकांत तांदूळ, गहू किंवा बीट यांच्यापासून बनवलेल्या पाकाच्या खुणा. आपल्याकडे डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २२ नमुने तपासले होते, तेव्हा सगळ्या चाचण्यांतून पार पडले ते फक्त ५. फ्रान्स जेवढा मध खातो त्याचा मोठा हिस्सा आयात होतो, त्यामुळे सेवेनच्या मधपाळाची स्पर्धा शेजारच्या मधपाळाशी नसतेच. ती असते कारखान्यातल्या पाकाशी. युरोपीय संघाने २०२४ मध्ये नियम बदलला. मिश्र मधाच्या बाटलीवर कुठल्या देशाचा मध किती टक्के, हे जून २०२६ पासून लिहिणं बंधनकारक ठरवलं. "एवढ्या एका ओळीसाठी आम्ही किती वर्षं ओरडत होतो," असं मला एकाने सांगितलं. महाराष्ट्रात २०२२ साली महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव जाहीर झालं, तेव्हा मला जो आनंद झाला तो याच कारणासाठी. बाटलीवर गावाचं नाव आलं की त्या नावाला कुणीतरी जबाबदार असतं.

मधमाश्यांना मारक ठरणाऱ्या शेतीतल्या कीटकनाशकांबद्दलच्या लढाया तर इथे पंचवीस वर्षांहून जुन्या आहेत. सूर्यफुलाच्या बियाण्याला लावल्या जाणाऱ्या निओनिकोटिनॉइड गटातल्या एका कीटकनाशकाला १९९९ मध्ये स्थगिती मिळाली ती मधपाळांच्या आंदोलनामुळे. २०१८ मध्ये अशा पाच रसायनांवर शेतात बंदी आली. २०२५ मध्ये त्यांच्यापैकी एकाला परत येऊ देणारा कायदा संसदेत मंजूर झाला, त्याविरुद्धच्या अर्जावर वीस लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, आणि ऑगस्टमध्ये घटना परिषदेने ते कलम रद्द केलं. त्या आठवड्यात मी एका मधघरी होते. कुणी जल्लोष केला नाही. तिथल्या मधपाळ बाईंनी बातमी ऐकली, आवाज कमी केला आणि चौकटी मोजायला परत गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा कुणीतरी आणेल, एवढंच म्हणाल्या.

मधावरून मी शेळ्यांकडे गेले ते पेलार्दोंमुळे. पेलार्दों म्हणजे तळहातावर मावणारं, साधारण ६० ग्रॅमचं गोल चपटं चीज, शेळीच्या कच्च्या दुधाचं. २००० सालापासून त्याला उगमनामाचं संरक्षण आहे, म्हणजे ठरलेल्या भागात, ठरलेल्या रीतीने केलेल्या चिजालाच ते नाव लावता येतं. कुठल्या भागातलं दूध, शेळ्या चरायला किती सोडायच्या, किती दिवस मुरवायचं, सगळं लिहून ठेवलेलं. किमान ११ दिवस. ज्या बाईंकडे मी जात असे त्यांच्या शेळ्या ओक, हेदर आणि चेस्टनटच्या पानांवर चरतात. पडलेल्या फळांचा हंगाम आला की त्यांना आवरणं कठीण होतं, असं त्या कौतुकाने सांगतात.

दूध तापवायचं नाही. धारा काढल्यावर त्यात आदल्या दिवशीच्या निवळीचं विरजण आणि दूध घट्ट करणाऱ्या रेनेटचे अगदी थोडे थेंब घालून खोलीत ठेवून द्यायचं. दुसऱ्या दिवशी ते लागलेलं असतं, वर निवळी तरंगते, आणि खोलीत श्रीखंडासाठी टांगलेल्या चक्क्याचा वास असतो. मग उथळ पळीने तो दह्याचा थर भोकाच्या साच्यांत भरायचा. बाई पळी आडवी घालत, थर न मोडता उचलत आणि साच्यात सरकवत. एक पळी, मग पुढचा साचा, मग पुन्हा पहिल्यात दुसरी पळी. मी विचारलं, ओतून का चालत नाही? त्या म्हणाल्या, "ओतलं की दही फुटतं. फुटलं की त्यातलं सत्त्व निवळीबरोबर वाहून जातं. मग उरतं ते पांढरं असतं, चीज नसतं." त्यांनी माझ्या हाती पळी दिली. पहिल्याच साच्यात मनगट आखडलं. त्यांचं मनगट त्याच कामात वीस वर्षं आहे.

मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत दिवसातून दोनदा धार, रोज साचे, रोज मीठ, रोज उलटवणं. हिवाळ्यात शेळ्या आटतात तेव्हाच काय तो श्वास. शहरातून येणारे लोक अंगणात उभे राहून, किती शांत आयुष्य आहे हो तुमचं, असं म्हणतात. बाई हसून चीज बांधून देतात. मला वाटतं, आपल्यासारख्यांनी अशा ठिकाणी जाऊन शांततेचं कौतुक करण्यापेक्षा पूर्ण भाव द्यावा आणि पुढच्या आठवड्यात परत यावं. त्या माणसांना याचाच उपयोग असतो.

सेवेनमधल्या फ्लोराक गावच्या आठवडी बाजारात हीच मंडळी भेटतात. पिकवणारा, बनवणारा स्वतः फळीमागे उभा. मधाची बरणी, चीज, चेस्टनटचं पीठ, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस गार नावाच्या जिल्ह्यातल्या टप्प्यांच्या शेतांतला गोड कांदा. या कांद्यालाही २००३ पासून उगमनामाचं संरक्षण आहे. फिकट, मोत्याच्या रंगाचा, कच्चा खाल्ला तरी डोळ्यांत पाणी आणत नाही. रोपं हाताने लावायची, हाताने काढायची, कारण त्या अरुंद टप्प्यांवर यंत्र वळत नाही. मराठी माणूस आणि कांदा समोर, म्हटल्यावर मी लासलगावबद्दल बोलल्यावाचून राहिले नाही. तिथे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन उभा असतो आणि भाव दुसरे पुकारतात, हे मी सांगितलं तेव्हा कांदेवाल्याने तराजू खाली ठेवला. त्याच्याकडे सहकारी संस्था आहे, नावाचं संरक्षण आहे, आणि बाजारात तो स्वतः पाटीवर भाव लिहितो. त्याचं आयुष्य सोपं नाही. पण पाटीवरचा खडू त्याच्या हातात आहे.

रोकफोर या चिजाच्या गावालाही मी गेले, त्याबद्दल थोडक्यात. कोंबालू नावाच्या ढासळलेल्या कड्याच्या पोटात गुहा आहेत, भेगांमधून ओला वारा वाहतो, त्यात मेंढीच्या दुधाच्या चिजावर निळी बुरशी वाढते. १९२५ साली उगमनामाचं संरक्षण मिळालेलं हे फ्रान्समधलं पहिलं चीज. सगळं बघण्यासारखं आहे. पण तिथे मार्गदर्शक, तिकीट, दुकान असा क्रम आहे आणि मेंढ्या कुठेच दिसत नाहीत. मेंढ्या बघायच्या तर वर लार्झाकच्या पठारावर जावं.

लार्झाकची गोष्ट मला आधी माहीत नव्हती आणि ती ऐकल्यापासून मी ज्याला त्याला सांगत सुटले आहे. १९७१ मध्ये सरकारने तिथली लष्करी छावणी ३,००० हेक्टरांवरून १७,००० हेक्टरांवर न्यायचं ठरवलं. म्हणजे मेंढपाळांच्या वाड्याच जाणार. मार्च १९७२ मध्ये लान्झा देल व्हास्तो नावाचा सत्तरीचा, पांढऱ्या दाढीचा माणूस ला काव्हालरी गावात येऊन पंधरा दिवस उपोषणाला बसला. हा जन्माने इटालियन. १९३७ मध्ये तो वर्ध्याला गांधीजींकडे राहिला होता आणि गांधीजींनी त्याला शांतिदास हे नाव दिलं होतं. त्या काळचं वर्धा म्हणजे मगनवाडी, १९३४ मध्ये स्थापन झालेला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ, तो चालवणारे अर्थतज्ज्ञ कुमारप्पा. घाण्याचं तेल, हातकागद, गूळ आणि हो, मधमाशीपालनसुद्धा, तिथल्या कामांच्या यादीत होतं. तिथे राहिलेल्या माणसाचं उपोषण संपताना लार्झाकच्या १०३ शेतकऱ्यांनी शपथ घेतली: जमीन सोडायची नाही. हिंसा न करता त्यांनी दहा वर्षं झुंज दिली. त्यांनी मेंढ्या पॅरिसला नेऊन आयफेल टॉवरखाली चारल्या. परवानगी नसताना दगड रचून मोठा मेंढवाडा बांधला, देशभरातून लोक दगड उचलायला आले. १९८१ मध्ये मितराँ फ्रान्सचे अध्यक्ष झाले आणि छावणीचा विस्तार रद्द झाला.

पुढचं मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. सरकारने त्या लढ्यात विकत घेतलेली सुमारे ६,३०० हेक्टर जमीन १९८५ पासून शेतकऱ्यांच्या एका सामाईक संस्थेकडे भाडेपट्ट्याने आहे. तिथे जमीन विकता येत नाही. जो कसतो त्याला निवृत्तीपर्यंत ती कसायला मिळते, मग घर आणि वाडा पुढच्या कसणाऱ्याला. त्यामुळे त्या पठारावर तरुण येतात. डोंगरातल्या इतर खेड्यांत शेतघरं शहरातल्या श्रीमंतांची उन्हाळी घरं होऊन दारं लावून बसली आहेत. लार्झाकवर संध्याकाळी दिवे लागतात आणि वाड्यांतून मेंढ्यांचा कालवा ऐकू येतो.

सेवेनमधल्या आमच्या मधपाळांनीही आता वारस शोधला आहे. मुलं शहरात आहेत, ती येणार नाहीत. तिशीतली एक मुलगी दोन हंगाम त्यांच्याकडे शिकली. आता निम्म्या पेट्या तिच्या आहेत. तिच्यापुढचं सर्वांत मोठं संकट आशियाई गांधीलमाशी आहे. ती २००४ मध्ये लो-ए-गारोन जिल्ह्यात पहिल्यांदा दिसली, बहुधा चीनहून आलेल्या मालातून आली, आणि आता देशभर आहे. ऑगस्टनंतर ती पेटीच्या दारासमोर हवेत एका जागी तरंगत राहते आणि परतणाऱ्या माश्या टिपते. नुसत्या तिच्या भीतीने माश्या बाहेर पडायच्या थांबतात आणि वसाहत उपाशी मरते. त्याआधी १९८२ मध्ये व्हरोआ हा कोळीकीटक आला, तोही आशियातूनच, आणि मूळचा एपिस सेराना या माशीवरचा. आपली सातेरी त्याच जातीची.

हे कळल्यावर ती मुलगी माझ्या मागेच लागली. तुमच्या माश्या यांच्याबरोबर हजारो वर्षं राहिल्या, त्या काय करतात? मी मामाला व्हिडिओ कॉल लावला. मध्ये दुभाषी मी. मामाच्या मागे जांभळाखालच्या पेट्या, हिच्या मागे ओंडके. मामाने सांगितलं, आपल्या डोंगरातली गांधीलमाशी निराळी, पण सातेरी तिला एकटी सापडली की सोडत नाही. शे-दोनशे माश्या क्षणात तिच्यावर बसतात, मुटका करतात आणि अंग थरथरवून उष्णता वाढवतात. मुटक्याच्या आत ४५ अंशांच्या वर गेलं की गांधीलमाशी मरते, माश्या तगतात. हिने सांगितलं, आमच्याही माश्या कधीकधी तसं करतात, पण कमी जणी आणि उशिरा. मग दोघांनी दाराची उंची विचारली, जाळी दाखवली, भोकांची मापं सांगितली. मिलिमीटर म्हणजे मिलिमीटरच असल्याने तिथे माझी गरज पडली नाही. १९९०च्या दशकात सॅकब्रूड या माश्यांच्या अळ्या मारणाऱ्या रोगाने मामाच्या बहुतेक वसाहती गेल्या होत्या. तेव्हा त्याने रानातली पोळी पकडून पुन्हा कशा भरल्या, तेही त्याने तिला सविस्तर सांगितलं, आणि तिने लिहून घेतलं.

बोलता बोलता मामाने चेस्टनटच्या मधाचा भाव विचारला. तिने सांगितला, अर्ध्या किलोच्या बरणीचा. त्याने मनात रुपये केले आणि मला म्हणाला, "तिला विचार, हा भाव ठरवतं कोण?"

"मी," ती म्हणाली, आणि जाळीचं भोक साडेपाच मिलिमीटरचं की सहाचं, हा वाद पुन्हा सुरू झाला.